दोन घरांमधलं दार

शेजारच्या खालांचे वडील अरब. हद्रमौतच्या खोऱ्यातल्या, समुद्रापासून लांब असलेल्या शिबाम गावचे. निजामाच्या फौजेत चाकरीला आले आणि औरंगाबादेत आमच्या भिंतीला लागून त्यांनी घर बांधलं. माझ्या आजोबांना विचारून वरच्या मजल्यावर दोन्ही घरांमध्ये एक दार पाडलं. शिबाममध्ये मातीची उंच घरं अशीच जोडलेली असतात, असं खाला सांगायच्या. बायका गल्लीत न उतरता इकडून तिकडे जातात. गावाला वेढा पडला तेव्हा एक म्हातारी विस्तव घेऊन अशीच घराघरातून फिरली आणि सगळ्यांच्या चुली पेटवून आली म्हणे.

"तोवर तिची स्वतःची विझली असेल," आई म्हणायची.

पोलीस ॲक्शननंतर खालांच्या वडिलांना जहाजानं परत पाठवलं. खाला तेव्हा रांगत होत्या. त्यांची आई इथलीच, ती राहिली. कित्येक महिने ती रस्त्यावर उतरली नाही. भाजी, रॉकेल, सगळं आमच्याकडून त्या दारानं गेलं.

आता मी आमचं घर विकलं. आईला जिना झेपत नाही, माझ्या फ्लॅटला लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. सगळे मुद्दे बरोबर होते. घेणाऱ्याची अट एकच: दार विटांनी बंद करून द्या. गवंडी सोमवारी येणार होता. सांगायचं तेवढं राहिलं होतं. मी आधी खालांकडे गेले.

त्या मेथी निवडत होत्या. मी घर विकल्याचं सांगितलं.

"बरं झालं. तुझ्या आईचे गुडघे लई दुखतेत."

"तुम्हालाही बोलवीन. गाडी पाठवीन."

"पाठव ना. कलेक्टरीण बनून येईन." मग त्यांचा हात थांबला. "आई काय म्हणली?"

मी मेथीची एक जुडी पुढ्यात ओढली.

"सांगितलंच नाय?"

"अजून नाही."

"मग मला अगोदर काऊन सांगतीस? मी जाऊन सांगावं म्हणून?"

तेच ठरवून गेले होते. खालांनी सांगितलं असतं, तर निदान आईचा चेहरा मला बघावा लागला नसता.

त्या भिंतीला धरून उठल्या. "चल. मी संग येते. पण बोलायचं तू."

दार बुटकं आहे. त्या वाकून पुढे गेल्या, मी मागून. चहाची वेळ झाली होती. आईनं दोन कप मांडले होते. मला पाहून ती तिसरा घ्यायला वळली.

"राहू दे, आई," मी म्हणाले. "आधी बस."