साडूंचा फ्रान्सचा किनारा

‘नाही’ हा शब्द ज्याच्या जिभेला कधी शिवला नाही असा पुरुष अख्ख्या कोकणात एकच निपजला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. तेलाच्या पैशाने सौदीत जिकडेतिकडे क्रेन उभ्या होत्या तेव्हा जेद्दाच्या कॅम्पात आम्ही एका पोर्टा केबिनमध्ये राहत होतो. ते एसी मेकॅनिक, मी स्टोअरकीपर. कुणीही यावं आणि साडूंना कामाला लावावं. पठाण ड्रायव्हरला दाढी करताना आरसा धरायला माणूस लागे, तर साडू आरसा धरून उभे. शुक्रवारी, सुट्टीच्या एकुलत्या एका दिवशी, लोकांचे पंखे आणि एसी उघडून हे घामाघूम, आणि ज्यांचे एसी ते पलीकडे पत्ते पिसत बसलेले. मी चिडलो की म्हणायचे, “अहो, मागितलंन त्याने. तोंडावर नाही कसं म्हणायचं?”

आमच्या कामावरच्या फ्रेंच साहेबाच्या बंगल्यातला एसी दुरुस्त करायला ते एकदा गेले आणि मडमेचा कुत्रा संध्याकाळी फिरवायचं काम गळ्यात घेऊन आले. कुत्र्याचं नाव कोको. पांढराशुभ्र, झिपरा आणि अत्यंत मानी. त्याला फ्रेंचखेरीज काही समजत नसे, म्हणून साडू पाचसहा फ्रेंच शब्द शिकले. शेजारच्या केबिनमधले आमचे रत्नागिरीचे हसनमियां सुतार त्यांना लांबूनच सांगायचे, “आधी कुत्र्याचे हात धुवून या हो, मग सलाम.” पण चमत्कार असा की त्या परक्या भाषेत साडूंना नकार देता येई. कोकोने कुणाच्या गाडीच्या चाकाशी पाय उचलला की ते “नों!” असे गरजत की पाय जागच्या जागी खाली येई. उभ्या आयुष्यात त्यांनी एवढ्या एकाच प्राण्याला नाही म्हटलं.

तर अशा या माणसाच्या नशिबात एकदा फ्रान्सचा समुद्रकिनारा आला होता. फ्रान्सात मडमेच्या बहिणीच्या घरी लग्न होतं, आणि त्या बहिणीला कुत्र्याच्या केसांनी दमा लागे. कोकोला कोंडून ठेवणं मडमेला मंजूर नव्हतं. साहेब म्हणाला, आमचं तिकडे किनाऱ्यावर घर आहे, तू बायकोला घेऊन ये, आठ दिवस तिथे राहा, कुत्रा सांभाळ. दोघांची मुंबईहून पुढची तिकिटं त्याने काढली, व्हिसा मिळवून दिला. दोघं आणि कुत्रा, समोर समुद्र, आणि घरात तिसरं माणूस नाही!

याची किंमत कळायला साडूंचं घर पाहिलेलं असावं लागतं. लग्नानंतर पंधरवड्यात ते सौदीला आले. पुढे दर सुट्टीला घर पाहुण्यांनी भरलेलं. हे ओटीवर पुरुषमाणसांत झोपणार, ताई, म्हणजे त्यांची बायको, माजघरात बायकांत. दिवसभर कुणाची जमीन मोजायची, कुणाच्या मुलीला स्थळ बघायचं. सौदीवाल्याची सुट्टी ही गावाची मालमत्ता असते, तिच्यावर बायकोचा हक्क सर्वांत शेवटी. म्हणून या वेळी त्यांनी घरी कळवलं, सुट्टी पुढे गणपतीतच मिळेल. ताई आईच्या गुडघेदुखीचं निमित्त करून माहेरी आली आणि तिथून ठाण्याला, माझ्या बायकोकडे. बेत आम्हा चौघांनाच ठाऊक. ताईला तयार करायला साडू कॅसेटवर बोलून पाठवायचे: “आता म्हण, आसी. म्हणजे बस.” माझी बायको सांगते, ताई ठाण्याच्या गल्लीतल्या कुत्र्यांना आसी म्हणत हिंडायची. आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वेटर विकत घेतला होता.

आणि मग कॅम्पात कळलं की साडू मुंबईला निघाले. आमच्याकडे रीत अशी, की जो जाईल त्याने सगळ्यांच्या वस्तू न्यायच्या. हसनमियांच्या आईसाठी ब्लँकेट, कुणाचं अत्तर, कुणाचा खजूर, टू-इन-वन. वस्तू देणारा घरी तार करतो, अमक्या दिवशी विमानतळावर या. मी हात जोडून म्हटलं, “एवढ्या वेळी घेऊ नका. सगळा बोभाटा होईल.”

“अहो, त्या म्हातारीला थंडी वाजते. मी फ्रान्सला मजा मारायला जाऊ आणि तिचं ब्लँकेट नको म्हणू?”

व्हायचं तेच झालं. आमच्या मुलखात वस्तूच्या आधी बातमी पोचते. साडू सामान ढकलत बाहेर आले तर वस्तू घ्यायला आलेल्या लोकांच्या पुढे त्यांचे थोरले बंधू उभे, भाड्याची जीप घेऊन. “भाऊ येतोय ते आम्ही लोकांकडून ऐकायचं काय रे? चल, बस. परवा माझ्या धाकटीला बघायला येतायत.” साडूंनी सगळ्यांच्या वस्तू ज्याच्या त्याच्या हातात दिल्या आणि जीपमध्ये बसले. ताई ठाण्याला स्वेटर घडी करून बॅगेवर ठेवून बसली होती. दोन दिवसांनी ती माहेरून आल्यासारखी सासरी पोचली आणि पदर खोचून बघायला आलेल्या पाहुण्यांच्या चहाला लागली. तिकडे मडम बहिणीकडच्या लग्नाला गेलीच नाही, कोकोपाशी बसून राहिली. कुत्र्यासाठी एक बाई लग्न सोडून राहिली आणि ताईसाठी सख्खा नवरा जीपमधून उतरला नाही, याचा मला अजून संताप येतो. माणूस सोन्यासारखा आहे म्हणे. असेल. त्या सोन्याचे दागिने गावभर वाटले गेले, ताईचा गळा तेवढा मोकळा राहिला.

आता सगळं शांत झालं आहे. बंधू गेले, पोरंबाळं मुंबईला. गेल्या वर्षी मी गेलो तेव्हा घरात दोघंच होती. मी म्हटलं, “ताई, आता कुठेतरी जाऊन या दोघं.” ती हसली. “आता कुठे, भावोजी? आता हे दिवसभर घरात असतात तर पाहुणा आल्यासारखं वाटतं. काय बोलावं सुचत नाही. त्या आठ दिवसांत सवय झाली असती.”

साडू ओटीवर बसून ऐकत होते. तेवढ्यात गावातलं एक कुत्रं पायरी चढून वर यायला लागलं. “नों!” साडू गरजले. कुत्रं बिचारं कोकणातलं, पण जागीच थबकलं. साडूंनी जरा कौतुकाने माझ्याकडे बघितलं.

ताई भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर आली. “एवढंच त्या दिवशी जीपपाशी म्हणायचं होतंत,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवलं नाही. साडूंनी मान खाली घातली. ताई पायरीवर टेकली, कुत्र्याला हळूच “आसी” म्हणाली आणि ते बसण्याची वाट बघत राहिली.