चिखलोलीचा पिवळ्या डोक्याचा धोबी

डाव्या डोळ्यावरची पट्टी निघाली त्या सकाळी मी घरी येऊन पहिलं काय केलं, तर आमच्या रंगाऱ्याची मनातल्या मनात माफी मागितली. दोन वर्षांपूर्वी हॉलला पांढरा रंग सांगितला होता आणि त्यानं क्रीम मारला म्हणून मी त्याला जिन्यापर्यंत बोल लावत गेलो होतो. आता समोर भिंत होती आणि ती दुधासारखी पांढरी होती.

"मी तेव्हाच सांगत होते," ही स्वयंपाकघरातून म्हणाली. "पण तुम्ही कुणाचं ऐकाल तर शपथ."

उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन महिन्यानं होणार होतं. म्हणजे एक डोळा नवा, एक जुना. उजवा मिटला की भिंत पांढरी. डावा मिटला की त्याच भिंतीवर कुणी हळदीचं पाणी शिंपडल्यासारखं. तासभर मी हाच खेळ केला. ट्यूबलाइट, पेपर, बशी, टॉवेल. मग हिच्याकडे बघून विचारलं, "तुझे केस इतके पांढरे कधी झाले?" ती म्हणाली, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन रद्द करा.

हसत हसत बाल्कनीत गेलो. आमच्या हेंद्रेपाड्यात हिवाळ्यात शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर धोबी पक्षी येतात, शेपटी वरखाली हलवत टाकीभोवती फिरतात. तसा एक होता. उजवा डोळा मिटला : पांढऱ्या तोंडाचा साधा धोबी. डावा मिटला : पिवळट तोंडाचा. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. पक्षी तोच, ऊन तेच. माझं हसू तिथंच थांबलं.

का, ते सांगायला हवं. मी निवृत्त तलाठी. उभा जन्म नोंदी करण्यात गेला आणि माझी नोंद कुणी खोडून दाखवावी, अशी माझी घमेंड होती. निवृत्तीनंतर बदलापूर गावाजवळ नदीकाठी फिरायला जायचो, तिथं एक उल्हासनगरचे सिंधी शेठ भेटले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून गाडी करून इतक्या लांब यायचे आणि चालायचं सोडून पाण्याकडे बघत उभे राहायचे. त्यांचं मॅचिंग सेंटर होतं. बायका साडी घेऊन येणार, शेठ तिच्याशी जुळणारा ब्लाउजपीस, अस्तर, फॉल काढून देणार. शंभर हिरव्यांतून नेमका हिरवा. आधी तुकडा आणि साडी दोन्ही दुकानाच्या पायरीवर उजेडात नेऊन बघायचे, मगच कात्री लावायचे. ते मला भाऊसाहेब म्हणायचे, मी त्यांना शेठ.

आम्ही दोघांनी मिळून एक वही केली. हिवाळ्यातल्या पाहुण्या पक्ष्यांची. नियम मी घातला, पंचनाम्यासारखा : दोन पंच पाहिजेत. दोघांनी पाहिल्याशिवाय आणि दोघांच्या सह्यांशिवाय नोंद नाही. या नियमापायी किती पक्षी गेले! एकदा कचऱ्याच्या डम्पिंगवर घिरट्या घालणाऱ्या घारींत मला एक गरुड दिसला, पण शेठ तेव्हा नाकाला रुमाल लावून गाडीत बसले होते. नोंद नाही. बारवीच्या रस्त्यावर त्यांना लाल गळ्याचा माशीमार दिसला, तेव्हा मी झाडामागे गेलो होतो. नोंद नाही. त्या दिवशी शेठ इतके हसले की उरलेले पक्षीही उडाले.

आणि मग चिखलोलीच्या धरणावरची ती जानेवारीतली सकाळ. सूर्य नुकताच वर आला होता. काठाच्या चिखलात एक धोबी चालत होता आणि त्याचं डोकं पिवळं होतं. पिवळ्या डोक्याचा धोबी आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटात तोवर कुणालाच दिसला नव्हता. मी दुर्बीण शेठच्या हातात कोंबली.

शेठनी बराच वेळ बघितलं. "भाऊसाहेब, हा हळदी नाही. मोतिया आहे. ऑफ-व्हाइट. आणि छातीवर साध्या धोब्याचा काळा डाग दिसतोय मला."

"ती सावली आहे."

"मग दहा वाजेपर्यंत थांबू. सकाळचं ऊन खुद पिवळं असतं. या उजेडात मी कधी कपडा पण नाही दाखवला."

मला थांबायचं नव्हतं. मी म्हणालो, पक्षी म्हणजे ब्लाउजपीस नव्हे. ते म्हणाले, रंग रंग असतो, बाबा, तीस साल मॅचिंग केलंय मी. शब्दानं शब्द वाढला, आमच्या आवाजानं धोबी उडाला, आणि दहा वाजेपर्यंत थांबण्याचा प्रश्नच मिटला.

घरी येऊन मी नोंद केली. पिवळ्या डोक्याचा धोबी, एक, चिखलोली. दोघांनी पाहिला. खाली माझी सही. आणि तिच्या शेजारी, आज लिहितानाही कान गरम होतात, शेठची सही मीच ठोकली. ज्या गोष्टीसाठी मी नोकरीत दुसऱ्यांना फाडून खाल्लं असतं, ती मी एका चिमणीएवढ्या पक्ष्यासाठी केली. पानाचा फोटो काढून गटावर टाकला. अभिनंदनाची रीघ लागली, दोघांच्या नावानं. संध्याकाळी शेठचा फोन आला.

"ही सही माझी आहे का, भाऊसाहेब?"

"अहो, तुम्ही शेवटी हो म्हणालाच असतात."

"तर मग विचारायचं ना, साईं," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते गटातून बाहेर पडले आणि नदीवर यायचे बंद झाले.

चार हिवाळे गेले. मी काही माफी मागितली नाही. माझं गणित सोपं होतं : पक्षी खरा, तर नोंद खरी, नोंद खरी, तर सही खोटी कशी? आडमुठेपणा म्हणा. पण त्या गणिताच्या जोरावर मी चार वर्षं झोपत होतो. आणि आता गच्चीवरच्या एका साध्या धोब्यानं मला सांगितलं होतं की तो पिवळा रंग बहुधा पक्ष्याच्या डोक्यावर नव्हताच, माझ्या डोळ्यात होता.

त्यातच आमच्या गटाचं काम बघणाऱ्या बाईंचा फोन. त्या बँकेतली नोकरी सांभाळून एक पुस्तिका काढत होत्या : आपल्या भागात हिवाळ्यात दुर्मिळ पक्षी कुठे बघावेत. माझ्याकडून बाकीचं सगळं त्यांनी आधीच लिहून घेतलं होतं. वांगणीकडे भात कापलेल्या खाचरांत तिरचिमण्या आणि गप्पीदास, तारांवर खरूची. नदीच्या उथळ पाण्यात तुतारी. घारींच्या गर्दीत एखादी घार जरा जास्तच दांडगी वाटली तर हसू नका, नीट बघा. "आता पहिल्या पानावर तुमचा चिखलोलीचा धोबी," त्या म्हणाल्या. "काका, चार ओळी द्या ना."

मी म्हणालो, देतो. आणि दिल्या नाहीत.

डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं, चार-पाच वर्षांपूर्वी माझा मोतीबिंदू किती होता? ते म्हणाले, "काका, तो हळूहळू पिकतो. तेव्हा किती होता हे आज कसं सांगणार?" पुस्तकं काढली, तर एकात लिहिलं होतं की साध्या पांढऱ्या धोब्याच्या पिल्लांच्या तोंडावर पहिल्या हिवाळ्यात पिवळी झाक असू शकते. म्हणजे पक्षी खरोखर पिवळसर असूनही माझी नोंद चूक! मग एका सकाळी रिक्षा करून अंबरनाथला, चिखलोलीला गेलो. चार धोबी दिसले. डाव्या डोळ्यानं चार पांढरे. उजव्यानं चार पिवळट, पण त्या दिवशीइतके पिवळे नव्हेत. की तेवढेच होते? मला तो त्या दिवशीचा पिवळा आठवतच नव्हता. आठवत होता तो मी त्याच्याविषयी घातलेला वाद. एक डोळा मिटून मी काठावर उभा, तर म्हशी पाण्यावर घेऊन आलेल्या बाईनं विचारलं, "बाबा, डोल्यात काय गेलाय का?"

काय गेलंय ते मलाही कळेना. पण तिथून परतताना एक गोष्ट उमगली. पक्षी कुठलाही असो, सही शेठची नव्हती. हे कळायला ऑपरेशनची गरज नव्हती. नुसता माणूस असायला हवं होतं.

वही पिशवीत घालून मी उल्हासनगरला त्यांच्या दुकानात गेलो. गल्ल्यावर मुलगा होता. शेठ आत एका स्टुलावर बसले होते, मागे छतापर्यंत कापडांचे सगळे रंग. मला बघून ते उठले. मी घोकून आलेली वाक्यं म्हणायला तोंड उघडलं, पण तेच आधी बोलले.

"भाऊसाहेब, मी फोन करणारच होतो. शरम वाटत होती. तुम्ही बरोबर होता."

मी म्हणालो, काय?

"तो धोबी. आमच्या गच्चीवर येतात ना, दोन वर्षं झाली बघतोय. सगळे पिवळ्या तोंडाचे, एकदम लेमन. मीच तेव्हा हट्ट केला. तुम्हाला खोटं पाडलं. वही आणली आहे? द्या, मी सही करतो. माझ्या हातानं."

चार वर्षं मला हेच ऐकायचं होतं. याच शब्दांत. मी वही काढली, पान उघडलं. शेठनी चष्मा वर सरकवला आणि खिशातलं पेन काढलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई आली, पांढऱ्या साडीवर ब्लाउजपीस पाहिजे म्हणाली. शेठनी वही मांडीवर ठेवून सवयीनं मागचा तागा ओढला आणि तिच्यापुढे टाकला. मुलगा घाईनं आला, हळूच म्हणाला, "पापा, ये क्रीम है. आप बैठो." आणि मला उद्देशून, दिलगिरीच्या सुरात, "अंकल, आजकल इनका शेड का गडबड होता है."

शेठ खाली बसले. तागा हातातच राहिला होता. ते तो बोटांनी चाचपत राहिले, जणू बोटांना तरी रंग कळेल. ज्या माणसाच्या शब्दावर निम्म्या बाजारानं कापड फाडून घेतलं, त्याला त्याच्याच दुकानात "आप बैठो". मला भडभडून आलं.

आणि तरीही, खरं सांगतो, एक क्षण वाटलं, करू द्यावी सही. खरी सही, खुशीनं दिलेली. बाईंना चार ओळी द्याव्यात. कुणाला कळणार होतं?

मी वही त्यांच्या मांडीवरून उचलली आणि मिटली.

"शेठ, पायरीवर चला. उजेडात."

पायरीवर मी त्यांना सगळं सांगितलं. भिंत, रंगारी, हिचे केस, माझे दोन डोळे. ते ऐकत होते आणि एकेक डोळा मिटून समोरच्या दुकानाच्या पाटीकडे बघत होते. त्यांचे दोन्ही डोळे जुने, त्यांना फरक कुठून कळणार?

"म्हणजे तुम्ही चूक?" ते म्हणाले.

"बहुतेक. नक्की माहीत नाही."

"आणि मी बरोबर?"

"बहुतेक. तेही नक्की नाही. पण सही खोटी होती, ते नक्की. त्यासाठी आलो होतो. माझं चुकलं."

शेठ पुन्हा एकदा त्या पाटीकडे बघायला लागले. मग म्हणाले, "तुमचा डॉक्टर कुठे बसतो?"

त्यांचा एक डोळा माझ्या दुसऱ्या डोळ्यानंतर आठवड्यानं झाला. पट्टी निघाल्यावर त्यांनी मला फोन करून आधी शिव्या घातल्या, कारण दोन वर्षांत आपण किती बायकांना चुकीचे ब्लाउजपीस दिले असतील या विचारानं त्यांचं डोकं फिरलं होतं. थंडी सरायच्या आत आम्ही चिखलोलीला गेलो. या खेपेला दहा वाजेपर्यंत थांबलो. धोबी आले, सगळे पांढरे. शेठनी दुर्बीण खाली ठेवली.

"त्या दिवशीचा कसा होता, भाऊसाहेब?"

"आता मला काहीच सांगता येत नाही."

"मलापण नाही."

बाईंना मी तिथूनच कळवलं की पहिल्या पानावर दुसरं काही घाला. मग वही काढली. आमच्या कामात चुकीची नोंद खरवडत नाहीत. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. मी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं : धोबी, एक. रंगाबद्दल खात्री नाही. दोघे हजर होते.

सही करून वही पुढे केली. शेठनी ती उन्हात धरून दोनदा वाचली, पेन घेतलं आणि सही केली. मग वरची जुनी सही बघत म्हणाले, "ही माझी? साईं, माझ्या सहीत सिंधी अक्षर असतं. इतकी वर्षं शेजारी बसून तुम्ही एकदा पण नीट बघितली नाही?"