पायऱ्यांवरचा ज्युनिपर

हात दोनदा धुतले तरी ज्युनिपरचा, त्या सुईसारख्या पानांच्या झुडपाचा, तो कडवट, ओलसर वास जात नाही, आणि मला इकडे परदेशात आल्यावरचं श्रूजबरीतलं ते जुनं लाकडी घर आठवतं. २००४ सालची दिवाळी. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो, खाली घरमालकीणबाई एकट्या. स्वीडनच्या एका लहानशा बेटावर त्या वाढल्या होत्या. तिथे वाऱ्याने झाडं एकाच बाजूला वाकलेली असतात, चर्चच्या छताला लाकडी गलबत टांगलेलं असतं, असं त्या सांगायच्या. त्यांचा भाऊ अजून तिथेच मासेमारी करायचा. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी खाली आले, तर पायऱ्यांपासून फाटकापर्यंत ज्युनिपरच्या डहाळ्या पडलेल्या. सणाच्या दिवशी दारात हा कचरा! मी सगळं झाडून काळ्या पिशवीत कोंबलं, पायऱ्या धुतल्या आणि ऐसपैस रांगोळी काढली. तेवढ्यात बाई काळा कोट घालून बाहेर आल्या. त्यांनी रांगोळीकडे बघितलं. ‘‘सुंदर आहे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘काल माझा भाऊ गेला. आमच्या बेटावर माणूस गेलं की दारात ज्युनिपर अंथरतात. या वयात मला तिकडे जाणं जमायचं नाही, म्हणून इथेच...’’ आणि रांगोळीला पाय लागू नये म्हणून भिंतीला धरून कडेकडेने उतरल्या. आता इतक्या वर्षांनी, काल नागपूरला माझी आई गेली. व्हिसाचे कागद अडकलेत, मला जाता येत नाही. सकाळी कुंपणाचा ज्युनिपर कापून मी पायऱ्यांवर अंथरला, आणि कुणी झाडून टाकू नये म्हणून दारातच बसून आहे.