कमानीखालची सळई

आता त्या इमारतीवर सरकारी पाटी आहे. भिंतीत साधा खिळा ठोकायचा म्हटलं तरी परवानगी लागते. ती पाटी वाचली की मला हसू येतं, कारण आमच्या घरच्यांनी तिथे खिळा नव्हे, करवत चालवली होती.

हिंगोलीच्या भर बाजारात, चौकाच्या तोंडावर ती उभी आहे. इंग्रजी फौजेच्या छावणीच्या काळात कापसाचा व्यापार करणाऱ्या कुणा गोऱ्याने बांधलेली. काळा दगड, पुढे टोकदार कमानींचा व्हरांडा, व्हरांड्याला ओतीव लोखंडाचे खांब आणि खांबांच्या डोक्यावर कुठल्याशा परदेशी झाडाची पानं. छावणी उठली, गोरे गेले आणि इमारत फिरत फिरत माझ्या सासऱ्यांकडे आली. खाली आमचं कापडाचं दुकान, वर आम्ही राहायचो. दुकानाच्या छताला एकही तुळई नव्हती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत विटांची एकच रुंद, उथळ कमान आणि तिच्या पाठीवर आमचा दिवाणखाना. मी आखाडा बाळापूरच्या मातीच्या घरातून आलेली. लाकडाशिवाय छत उभं राहतं हेच मला मुळात पटत नव्हतं. पहिले कितीतरी दिवस मी दिवाणखान्यातून भिंतीच्या कडेकडेने चालायची आणि सासूबाई मला हसायच्या.

कमानीचे दोन्ही पाय जोडणारी एक जाड लोखंडी सळई दुकानात आडवी गेली होती, नेमकी मामंजींच्या गादीवरून. तिची टोकं भिंतीतून आरपार बाहेर निघत आणि तिथे चांदणीच्या आकाराच्या लोखंडी चकत्या बसवल्या होत्या. ती गोऱ्यांची हौस, असंच आम्ही सगळे समजत होतो. सळईवर आमचे लोक नवी लुगडी टांगायचे.

सत्तेचाळीसच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आलेल्या एका वडीलधाऱ्या पाहुण्यांनी वर पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. लक्ष्मी या गादीवर मांडायची आणि तिच्या डोक्यावर लोखंडाची आडकाठी? धंदा मंदावलाय तो काय उगीच? मामंजींच्या मनाने ते घेतलं. दुसऱ्याच दिवशी माणसं लावून सळई मधोमध कापली. ती तुटली तेव्हा एवढा मोठा आवाज झाला की वर माझ्या हातातलं ताट पडलं, आणि कापलेली टोकं आपणहून एकमेकांपासून दूर सरकली. खाली सगळे खूश झाले. पीडा गेली म्हणून पेढे वाटले. मीही खाल्ला.

उन्हाळ्यात कमानीला भेग दिसली. आधी केसाएवढी होती, मग त्यात दोरा जाऊ लागला. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, रेल्वेच्या पुलावर पाहिलेलं एक काम आठवून भेगेवर आरशाची एक पातळ पट्टी चुन्याने चिकटवली. भेग वाढली तर काच तडकणार. त्या दिवसापासून माझा जीव त्या काचेत अडकला. दुकानात बायकांनी ऊठसूट जायचं नसे, म्हणून मी लेकराला कडेवर घेऊन जिन्याच्या वळणावर उभी राहायची आणि तिथून मान वाकडी करून बघायची. पावसाळा लागला आणि एके सकाळी काच तडकलेली दिसली. तेव्हा कुठे मामंजींना कळलं की ती सळई भिंतींना फाकू देत नव्हती. ते त्या दिवशी जेवले नाहीत. मी मनातल्या मनात त्या पाहुण्यांचा उद्धार केला.

लोहाराला बोलावलं. पण तोवर आमच्याकडे सगळंच बिघडलं होतं. देश स्वतंत्र झाला तरी निजामाचं राज्य तसंच होतं, माल येत नव्हता, एवढं लांब लोखंड मिळेना. निजामाच्या हत्यारबंद टोळ्या गावोगाव जाळपोळ करत असल्याच्या बातम्या होत्या. ज्यांना जमलं ते सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात निघून गेले. ज्यांना जमलं नाही त्यांतली हट्टा गावाकडची काही कुटुंबं, आमच्या दुकानाची जुनी गिऱ्हाइकं, आमच्या दारात आली. बाप्ये पिकं राखायला मागे थांबले होते. बायका, म्हाताऱ्या, लेकरं, गाठोडी. दगडी इमारत, जाड दारं. त्यांच्या दृष्टीने एवढी भक्कम जागा साऱ्या हिंगोलीत नव्हती. मामंजी दारात त्यांच्याशी काय बोलले ते मला वर ऐकू आलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की सगळी माणसं जिना चढून त्या दिवाणखान्यात आली आणि बरोबर कमानीच्या पाठीवर बसली.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. कुणी पोरगं धावलं की मी पळत जाऊन त्याला धरायची. मी उगाच ओरडायची, "मधे नका बसू, भिंतीला टेका," आणि त्या बिचाऱ्या सरकायच्या. कजाग सून मिळालीय, असं त्या म्हणत असणार. माझं लेकरू मी मागच्या लहानशा खोलीत निजवत होते. तिथे कमान नव्हती.

शेवटी लोहाराने जुन्या सळईचेच तुकडे मधे जोड देऊन भट्टीत सांधले. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतात ना, तसंच काम होतं. सळई बसवायची, खाली निखारे ठेवून लाल करायची, बाहेरचे नट आवळायचे. गार होताना ती आखडते आणि भिंतींना आत ओढते. पण ओढ बसताना एखादी वीट सुटली तर सगळंच खाली येईल, म्हणून वरची जागा रिकामी करा, असं यांनी सांगितलं. बायकांना खाली रस्त्यावर न्यायचं काम माझ्यावर आलं.

मी गेले आणि सगळं सांगून टाकलं. सळई कापली ते, भेग, फुटलेली काच. आता या रडतील, आम्हाला शिव्या देतील, असं वाटलं. कुणी जागचं हललं नाही. एक पोक्त बाई, मांडीवर नातू घेऊन बसलेली, म्हणाली, "ठाव हाय आमाला. तुमच्या मामंजीनं दारातच सांगितलं व्हतं. छत चिरलंय, यायचं तर समजून या, म्हनले."

"मग काहून आलात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"कुटं जावं मग? रस्त्यावर आमी न्हाई येत, बाई. जे व्हायचं ते हितं होऊ दे. तुमचं लेकरू मागंच ठिवा. तुमाला मागं जागा हाय तर काहून तकलीफ करून घेता?"

मी लेकरू सासूबाईंकडे दिलं आणि येऊन त्यांच्यात बसले. का बसले ते आजही नीट सांगता येणार नाही. उभं राहवत नव्हतं एवढं खरं. खालून निखाऱ्यांचा वास आला, फरशी पायाला ऊन लागली. मग नट आवळल्याचे आवाज, आणि नंतर कमानीतून बारीक कटकट. खाली चुना गळून पडल्याचं ऐकू येत होतं. बायकांनी लेकरांना पदराखाली घेतलं. मी डोळे मिटले आणि मला माहीत असलेले सगळे देव आठवले. खूप वेळाने खालून यांची हाक आली, "बसली! ओढ बसली!"

मला एकदम रडू फुटलं. मी त्या बाईचा हात धरला आणि म्हणाले, "वाचलो आपण. कमान टिकली."

ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर खिडकीच्या लाकडी पट्ट्यांवर होती.

"ते बराबर हाय, बाई," ती हळूच म्हणाली. "पन त्या फटीतून बघा आदी. रस्त्यावर कोन हाय? ती जाळनारी टोळी तर न्हाई?"