गॅसला वारा घालू नये

तेलंगणातल्या मंचेरियलला आमच्या घरी गॅस आला तेव्हा मी नववीत होते आणि आनंदाने नुसती नाचत होते. आई मात्र त्याला हात लावायला तयार नव्हती. माहेरी भीमपूरला चूल, लग्नानंतर इथे कोळशाची शेगडी, तिला तेवढंच माहीत. गॅससोबत आलेलं माहितीपुस्तक तेलुगूत, आणि आईला वाचता यायचं ते मराठीच, तेही अक्षर लावत लावत. बाबा वैतागले. "रविवारपावतर हिनं सोता पेटवला नाई त मी वापस करून येतो," म्हणाले. बाबा बोलले की करून मोकळे होत.

गॅस परत? छे! मी कोरा कागद घेतला आणि ठळक अक्षरांत लिहिलं: सिलिंडरची चावी फिरवा. काडी पेटवा. बर्नरजवळ धरा. मग बटन फिरवा. त्या पुस्तकवाल्यांनी माझ्याकडून शिकावं, अशी ऐट होती माझी.

आईने ओळीवर बोट ठेवून वाचलं, वाचलं तसं केलं, आणि भप्पकन निळी ज्योत! मी टाळ्या पिटल्या. आई ज्योतीकडे बघतच राहिली. "लाल काऊन नाई होऊन राह्यली?" म्हणाली, आणि मी तोंड उघडायच्या आत शेगडीचा पुठ्ठा उचलून सपासप वारा घालू लागली. ज्योत विझली, गॅस फुसफुसत राहिला. मी झेप घेऊन बटन बंद केलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या.

"आई, गॅसले कोनी वारा घालते का?"

"मंग लिवलं काऊन नाई तू? कागदावर होतं तेवडं केलं. पुढचं हातानं केलं."

अगदी खरं होतं! तिच्या हातांना शेगडीची सवय, आणि मी ते हात न बघताच लिहायला बसले होते. दुसऱ्या सकाळी मी तिच्याशेजारी ठाण मांडलं. ती शेगडी अंगणात पेटवायची, धूर गेला की आत आणायची, वारा घालायची, शेवटी पाणी शिंपडायची. मला चेवच चढला. नव्या कागदावर लिहिलं: गॅस अंगणात नेऊ नका. ज्योत निळीच असते. वारा घालू नका. विझवायला पाणी नको, बटन बंद करा. मग दोन्ही कागद भिंतीवर चिकटवले.

रविवारी बाबा स्वयंपाकघरात आले. "सरक, मीच दाखवतो," म्हणत त्यांनी आधी बटनच फिरवलं आणि काडेपेटी शोधू लागले. आईने त्यांचा हात झटकून बटन बंद केलं.

"पयले काडी! कागद वाचता येत नाई का तुमाले?"

बाबा भिंतीवरचे कागद वाचू लागले. खोलीतला गॅस निघून गेल्यावर आईने काडी पेटवली, बटन फिरवलं, चहा ठेवला. तिचा हात सवयीने पुठ्ठ्याकडे गेला. तिने पुठ्ठा उचलला आणि बाबांच्या हातात दिला.

"घ्या, सोताले वारा घाला."