भाऊजींचा डबा

अकोल्यातल्या दुकानदारांना मंदीची भीती वाटत नाही, आमच्या भाऊजींची वाटते. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान म्हणजे निवृत्त ग्रामसेवक आणि प्लॅस्टिकचे जन्माचे वैरी. बाजाराला निघाले की दोन्ही हातांत जुन्या पायजम्यांच्या शिवलेल्या पिशव्या, त्यांत तेलाची किटली आणि पाच-सहा स्टीलचे डबे. चालताना असा खणखणाट, की कल्हईवाला आला समजून शेजारणी दार उघडत. बिस्किटांचा पुडा दुकानातच फोडायचा, बिस्किटं डब्यात ओतायची आणि कागद दुकानदाराच्या हातात द्यायचा. "मी बिस्किटं घेतली, हे तुमचं तुमी ठेवा!" एकदा शर्ट घेतला, तर त्याची पिशवी, कॉलरखालची पट्टी, चिमटे सगळं तिथंच काढून ठेवलं आणि नवा शर्ट अंगातल्या शर्टावर चढवून घरी आले. महिना मे होता. औषधाच्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या सुट्या मागितल्या, तिथे मात्र हरले. तो राग अजून गेलेला नाही.

ताई होती तेव्हा अकोल्याहून आमच्याकडे अमरावतीला मुगवड्यांचा डबा यायचा. रिकामा डबा परत करायचा नाही, ही आमच्याकडची रीत, म्हणून आम्हीही त्यात काहीबाही भरून द्यायचो. अशी त्याची वर्षानुवर्षं ये-जा चालली. ताई गेली, पण भाऊजींनी ती थांबू दिली नाही. आता वड्या स्वतः घालतात. फार कडक होतात, पण आम्ही खातो.

या दिवाळीत ते आमच्याकडे आले, तेव्हा त्यांचे सुजलेले गुडघे पाहून आम्हालाच वाईट वाटलं. बायकोने चकल्या श्रीखंडाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात भरल्या आणि मायेने म्हणाली, "भाऊजी, हा परत आणायचा त्रास नको. खाऊन झालं की फेकून द्या."

आता तासभर भाषण, म्हणून मी सावरून बसलो. भाषण झालंच नाही. डबा मांडीवर घेऊन भाऊजींनी त्याचं झाकण बोटांनी चाचपलं. मग हळूच म्हणाले, "काहून? आता येऊ नोको म्हणता का मले?"

बायकोने लगेच चकल्या स्टीलच्या डब्यात ओतल्या. म्हणाली, "संक्रांतीला हा मला लागेल हं. माझ्याकडे दुसरा नाही." साफ खोटं होतं, आमच्याकडे डब्यांची चळत आहे.

"आणतो ना!" भाऊजी खुलले.

संक्रांत राहिली लांब, पंधरा दिवसांतच दारात हजर. डब्यात लिंबाचं लोणचं होतं. लिंबं अजून मुरली नव्हती, भाऊजींना तेवढा धीर निघाला नसावा. आम्ही ते तसंच पानात वाढून घेतलं. जेवताना मला ताईची फार आठवण आली.