मान सांभाळा, बाप्पा

कोणी नमस्कार केला की आमचे विज्ञानाचे सर आधी स्वतःच्या मानेमागे हात नेत आणि मग म्हणत, "मान सांभाळा, बाप्पा. बाकीचं झेडपी सांभाळते." आरमोरीत नव्यानं आलेल्याला वाटे, सर मानापमानाबद्दल बोलताहेत. ते खरोखरच्या मानेबद्दल बोलत असत.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो, त्यामुळे त्यांचं व्याख्यान मला तोंडपाठ आहे. मेंदू जिथं मानेत उतरतो तिथं काही पेशी बसलेल्या असतात. श्वास त्या चालवतात आणि रक्तदाबही त्याच सांभाळतात, तोही आपल्याला न विचारता. "अख्ख्या जिल्ह्यात एवढेच कर्मचारी प्रामाणिक आहेत," सर सांगत. "ना रजा, ना टीए बिल, ना साहेब दौऱ्यावर गेला म्हणून चहाला पळणं." पोरं हसत. हेडमास्तर त्या वेळी बहुधा चहालाच गेलेले असत.

या भक्तीचा पहिला फटका बाजारातल्या सलीमभाई न्हाव्यांना बसला. कटिंग झाली की ते गिऱ्हाइकाचं डोकं दोन्ही हातांत धरून मान अशी कडकन मोडत, की बाहेर बाकावर बसलेल्यालाही बरं वाटे. सरांनी खुर्चीत बसल्या बसल्या साऱ्या दुकानाला पेशी समजावल्या आणि लोक मान आखडून बसू लागले.

"सर, मान नाई मोडाची त मले न्हावी काऊन म्हनाव?" सलीमभाईंनी विचारलं.

"मोडा ना. पण हेडऑफिस तिथीच आहे, एवढं ध्यानात ठेवा."

त्यानंतर कितीतरी दिवस सलीमभाई सरांशी कैचीपुरतंच बोलत होते.

मग सरांचंच डोकं दुखू लागलं. दवाखान्यात प्रेशर चढलेलं निघालं आणि रोजची गोळी मागे लागली. सर ती घेईनात. गोळी घेणं म्हणजे त्या पेशींवर अविश्वास दाखवणं, असं त्यांचं म्हणणं. मी बळेच त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण होते, सरळ बोलले. "सर, तुमचे कर्मचारी चढ्या प्रेशरलाच सरावलेत. त्यांना आता तेच बरोबर वाटतं."

"मग त्यांची एटापल्लीला बदली करा," सर म्हणाले. आमच्याकडे शिक्षेची बदली म्हणजे एटापल्ली. डॉक्टर आणि मी हसलो. बाहेर आल्यावर मात्र सरांचा चेहरा उतरलेला होता. "प्रामाणिक माणसं सरावत नाईत," असं म्हणून त्यांनी गोळ्यांचं पाकीट माझ्याच खिशात घातलं. त्या हट्टाचा मला तेव्हा राग आला, आजही येतो.

हिवाळ्यात फळ्यासमोरच ते कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. नागपूरहून परत आणलं तेव्हा बोलणं नव्हतं, ओळख नव्हती, हातपाय हलत नव्हते. श्वास तेवढा आपोआप चालू होता.

दाढी करायला सलीमभाई न बोलावता घरी आले. गळ्याखालची दाढी करायची तर डोकं उचलणं भाग होतं. ते थांबले.

"सर, मानेले हात लावू?"

त्यांनी खरंच उत्तराची वाट पाहिली. मग तान्ह्या पोराचं धरावं तसं डोकं मानेखालून तळहातावर घेतलं आणि दाढी होईपर्यंत हलू दिलं नाही.

"बाकी सारं हापीस बंद झालं," ते मला हळूच म्हणाले. "पन सर झूठ नाई बोलत होते. हे लोक अजून ड्यूटीवर आहेत."

होळीच्या आधी ते कर्मचारीही उठून गेले, रजेचा अर्ज न देता.